औषध लिहायची सही मिळतेय, घेऊ का?

पत्र

ताई, मला ‘तू’च म्हणा. मी तासगावकडची, वय ३८. नर्सिंग करून गावाकडे सात वर्षं मानसोपचार वॉर्डात काढली, आता पाच वर्षं इंग्लंडमध्ये कम्युनिटी मेंटल हेल्थ टीममध्ये आहे, बँड ६ (इथली पगाराची पायरी). डेपो (एकदा दिलं की आठवडे पुरणारी) इंजेक्शनं देते, लिथियम आणि क्लोझापिन या मानसिक आजारांच्या औषधांवर असलेल्या पेशंटच्या मागे लागून रक्त काढून घेते, घरी जाऊन बघते. आता मॅनेजर म्हणतात व्ही३०० कर, म्हणजे नर्स प्रिस्क्रायबर हो. औषधं मी लिहायची, तपासण्याही मीच सांगायच्या. मिस्टर म्हणतात, पगार वाढणार नसेल तर डोक्याला ताप कशाला? दादाचा गावी दवाखाना आहे. तो फोनवर हसला. म्हणाला, ‘नर्सा प्रिस्क्रिप्शन लिहिणार, मग आम्ही काय टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायचा?’ मुलगी पुढच्या मे महिन्यात जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, बसणार आहे.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. गावाकडे असताना एका नाइटला एका बाईंचे हात थरथरताना मी पाहिले. लिथियम चालू होतं, दोन दिवस जुलाब होते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘घाबरल्यात, सकाळी बघू.’ मी केसपेपरवर ‘डॉक्टरांना कळवले’ असं लिहिलं आणि गप्प बसले. आता तो फोन उचलणारी मीच होणार. त्याची भीती वाटते. शिवाय गणित कच्चं आहे आणि कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही. करू का?

— तासगावची लेक

उत्तर

कर. पण येत्या सप्टेंबरच्या बॅचला की त्याच्या पुढच्या, हे तुझे मॅनेजर काय उत्तरं देतात त्यावर ठरव. त्यांना काय विचारायचं ते पुढे सांगते.

आधी त्या नाइटबद्दल बोलू, कारण बाकीचं पत्र तू तेवढ्यासाठीच लिहिलंयस. ‘डॉक्टरांना कळवले.’ इथे इंग्लंडमध्ये प्रिस्क्रायबर होण्याआधी मीही नर्स म्हणून हे वाक्य शेकडो वेळा लिहिलंय. वेळ टाकायची, खाली सही करायची आणि सुटकेचा श्वास सोडायचा. आपल्याला शिकवलंच तसं गेलं. इनचार्ज सिस्टर म्हणायच्या, ‘कळवलंस ना? लिहिलंस ना? मग झालं.’ पावसात छत्री असावी तसं ते वाक्य होतं आणि तेव्हा ते चुकीचंही नव्हतं, कारण आपल्या हातात दुसरं काही नव्हतं. तू बघितलं होतंस, ओळखलं होतंस, फोनही केला होतास. औषध थांबवायचा अधिकार मात्र तुझ्याकडे नव्हता. व्ही३०० झाल्यावर ती छत्री जाते. तू घाबरलीस हे मला बरं वाटलं. न घाबरता या कोर्सला आलेली दोन-तीन माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या प्रिस्क्रिप्शन मी आजही दोनदा वाचते.

आता तीच रात्र पुन्हा उभी करू, पण फोनच्या दुसऱ्या टोकाला तू आहेस असं धर. लिथियमवरच्या बाई, दोन दिवस जुलाब, हात थरथरतायत. लिथियमवरच्या कितीतरी जणांचे हात एरवीही बारीक कापतात, चहाचा कप बशीत वाजेल इतके. तो थरकाप वेगळा आणि हा वेगळा. हा जाडाभरडा असतो, हात लांब केले की लांबून दिसतो. चालताना तोल जातो का, जीभ जड झालीय का, उलट्या आहेत का, लघवी कधी झाली हे विचारायचं. गुडघ्यासाठी, कंबरेसाठी दुकानातून काही गोळ्या आणल्यात का हेही विचारायचं, कारण आयबुप्रोफेन लिथियमला मूत्रपिंडातून बाहेर पडू देत नाही आणि रक्तातली पातळी चढते. बीपीच्या काही गोळ्याही हेच करतात. मग पुढचा डोस थांबवायचा, लिथियमची पातळी आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या तातडीने पाठवायच्या, आणि तोल किंवा बोलणं बिघडलं असेल तर आकडा यायची वाट न बघता इमर्जन्सीला धाडायचं. आकडा ठीक आला म्हणून माणूस ठीक असतो असं नाही. वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्याला पातळी फारशी चढलेली नसतानाही विषबाधा होऊ शकते.

यातली निम्मी-अधिक माहिती तुला त्या रात्रीही होती. सकाळपर्यंत थांबायचं नाही हे तुला कळलं होतं. कोर्स तुला हे कळणं शिकवणार नाही, ते तू बारा वर्षांत वॉर्डात आणि लोकांच्या घरी शिकलीस. कळल्यानंतर हात पुढे करायला आणि त्याची कारणं लिहून ठेवायला तो शिकवेल.

गणिताचं म्हणशील तर परीक्षा कडक आहे, खोटं सांगत नाही. औषधशास्त्राच्या पेपरला किमान ८० टक्के लागतात आणि डोसच्या गणिताला १०० पैकी १००. एक चुकलं तरी नापास. ऐकून पोटात गोळा येतो, पण गणितं तू रोज करतेस तीच असतात. फ्लुपेंटिक्सॉलच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम, द्यायचेत ३०, तर किती काढशील? दीड. हे तुझ्या बोटांना पाठ आहे, कागदावर बघून तू बावरतेस एवढंच. रोज ड्युटीला जाताना बसमध्ये पाच गणितं सोडव, पेनाने, कॅल्क्युलेटर न घेता. मुलगी जीसीएसईचा अभ्यास करतेय ना, तिच्याकडून तपासून घे. दोघींचा अभ्यास एका टेबलावर होईल आणि तिला आईच्या चुका काढायला मिळतील. त्या वयात यासारखं सुख नाही!

गणितापेक्षा नावं जास्त घात करतात. ‘क्लोपिक्सॉल’ आणि ‘क्लोपिक्सॉल अ‍ॅक्युफेज’ कपाटात शेजारी ठेवलेले बघितलेयस ना? एक काही आठवड्यांतून एकदा द्यायचा डेपो, दुसरं दोन-तीन दिवस टिकणारं, खवळलेल्या माणसासाठीचं. औषध एकच, पण त्याला जोडलेलं आम्ल वेगळं, म्हणून काम वेगळं. आजवर तू ट्रॉलीपाशी उभी राहून, दुसऱ्याने लिहिलेलं वाचून ही चूक पकडायचीस. आता लिहिणारी तू असशील आणि पकडणारी दुसरी कुणी. ती दुसरी असायलाच हवी. स्वतः लिहिलेलं इंजेक्शन शक्यतो स्वतः देऊ नये, असा नियमच आहे. छोट्या टीममध्ये ‘तूच लिही, तूच देऊन ये, दोन फेऱ्या कशाला’ असं सर्रास म्हणतात. तिथे अडून बस.

आता जी गोष्ट तुझ्या भीतीच्या यादीत नाही, पण असायला हवी होती, ती सांगते. तपासण्या. पत्रात तू ‘तपासण्याही मीच सांगायच्या’ असं जाता जाता लिहिलंयस. औषध लिहिताना सगळ्यांचाच हात जरा थांबतो. तपासणी सांगताना थांबत नाही, चार चौकटींत टिक केली की झालं असं वाटतं.

माझं सांगते. प्रिस्क्रायबर होऊन वर्षही झालं नव्हतं. एका गृहस्थांची लिथियमची पातळी गुरुवारी पाठवली आणि शुक्रवारी पुतण्याच्या लग्नाला साताऱ्याला निघाले. रिपोर्ट आला १.३. आमच्याकडे साधारण ०.६ ते ०.८ धरतात. तो रिपोर्ट माझ्या नावावर आला, माझ्या इनबॉक्समध्ये, आणि मी तिकडे हळदीच्या साडीत पंगतीला वाढत होते. प्रयोगशाळेने टीमला फोन केला होता, निरोप एका चिठ्ठीवर लिहिला गेला आणि चिठ्ठी कुठेतरी गेली. नऊ दिवसांनी परतले, कॉम्प्युटर उघडला आणि हातपाय गार पडले. गृहस्थ गुडघ्यासाठी दुकानातून आयबुप्रोफेन आणून खात होते. नशिबाने त्यांच्या बायकोने मळमळ बघून जीपीला (इथल्या फॅमिली डॉक्टरला) दाखवलं होतं आणि गोळ्या थांबल्या होत्या. ते आजही भेटतात, गुडघ्याची तक्रार करतात. मी मात्र तेव्हापासून रजेवर जायच्या आधी ‘माझ्या नावावर कोणते रिपोर्ट यायचे बाकी आहेत’ याची यादी एका माणसाच्या हातात देते. नुसती ईमेल करत नाही, समोर उभं राहून देते आणि त्याचं नाव नोंदीत लिहिते.

ऑर्डर ज्याची, रिपोर्टही त्याचाच. आपल्याकडे वॉर्डात रिपोर्ट केसपेपरला टाचायचा आणि राउंडला डॉक्टर बघायचे. इथे कम्युनिटीत राउंड नाही, बघणारं कुणी येणार नाही.

रक्त कधी आणि कशात काढलं हेही आता तुझ्या माथी येईल. लिथियमचं रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी काढायचं हे तुला माहीत आहे. पण रात्रीची गोळी घेणारा पेशंट दुपारी तीनला आला तर आकडा कमी दिसतो, आणि कुणीतरी डोस वाढवून ठेवतं. उलटा घोटाळाही होतो. रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन घातलेल्या ट्यूबमध्ये रक्त गेलं तर ट्यूबमधलंच लिथियम मोजलं जातं आणि धडधाकट माणसाचा आकडा भयंकर येतो. एकदा असा फोन आला तेव्हा माणूस समोर बसून बिस्किट खात होता. मी डोस थांबवण्याआधी ट्यूबच्या झाकणाचा रंग विचारला, त्यावरून आत काय घातलंय ते कळतं.

तपासणीचं दुसरं अंग म्हणजे शंका घेणं. मानसिक आजाराचा शिक्का एकदा बसला की पुढचं सगळं त्याच खात्यात जमा होतं. आळशी झालाय? आजारामुळे. बोलत नाही? आजारामुळे. माझ्याकडे बरीच वर्षं लिथियमवर असलेले एक जण होते. हिवाळाभर घरात कोट घालून बसायचे, आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा. नोंदींत लिहिलेलं, ‘मूड खालावलेला, नैराश्याच्या गोळीचा विचार करावा.’ थायरॉइडची तपासणी सहा महिन्यांनी व्हायला हवी होती, ती दीड वर्ष झालीच नव्हती. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा आकडा, बघितल्यावर गोळी कुठली लागते ते कळलं, आणि ती नैराश्याची नव्हती. म्हाताऱ्या माणसाला सिटालोप्रामसारखी नैराश्याची गोळी सुरू केली आणि पंधरा दिवसांत तो गोंधळला, पडला, तर रक्तातलं सोडियम बघायचं. त्याच्यासाठी डोसही कमी असतो: सिटालोप्राम मोठ्यांना ४० मिलिग्रॅमपर्यंत, पासष्टीनंतर २० च्या वर नाही, कारण ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबतं, म्हणजे हृदयाची लय बिघडू शकते. अँटिसायकॉटिक देताना वजन, कंबर, साखर, चरबी, ईसीजी. हे तू आजही करतेस, पण ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’. एक्स-रे किंवा सीटी सांगायचा असेल तर व्ही३०० पुरत नाही. किरणोत्सर्गाच्या नियमांखाली तुझ्या संस्थेने वेगळी मुभा द्यावी लागते. ती मिळाल्याशिवाय फॉर्म भरू नकोस.

क्लोझापिनचं तर तुला मी काय सांगू? पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त, मग वर्ष पूर्ण होईपर्यंत पंधरवड्याला, नंतर चार आठवड्यांनी. हे तू झोपेतही म्हणशील. पण पेशंट दारात सहज म्हणतो, ‘मध्ये गोळ्या संपल्या होत्या, काल आणल्या.’ आजवर तू हे लिहून घ्यायचीस. आता तिथेच थांबून शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली हे विचारायचं. ४८ तासांच्या वर खंड पडला असेल तर जुना डोस तसाच चालू करता येत नाही, साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावं लागतं. सिगारेट सोडलीस का, हेही विचारायचं. एरवी सोडली तर शाबासकी देतो, पण धूर थांबला की क्लोझापिनची पातळी वर जाते. आणि पोट साफ होतं का? या औषधाने होणारा बद्धकोष्ठ माणसाला मारू शकतो. इथल्या माझ्या सहकारी हा प्रश्न शेवटी, दाराच्या मुठीला हात लावून विचारतात. आपल्या माणसांना ही लाज कधीच नव्हती. आपल्याकडे तब्येतीची चौकशी तिथूनच सुरू होते. हा गुण सोडू नकोस.

‘नाही’ म्हणता येत नाही, याला मी तुझ्या सगळ्या अडचणींत वरचा नंबर देते. माझ्या कामातली निम्मी प्रिस्क्रिप्शन न लिहिलेली असतात. शुक्रवारी चार वाजता पेशंट म्हणतो, ‘सिस्टर, तेवढी डायझेपाम वाढवून द्या, वीकेंड कसा जाईल?’ डॉक्टर मित्रत्वाने म्हणतो, ‘मी बघितलाय त्याला, तू फक्त लिहून टाक.’ दुसऱ्यावर विसंबून, स्वतः न तपासता लिहिलं तरी सही तुझी, जबाबदारीही तुझी. त्याला म्हणायचं, ‘तू बघितलायस ना, मग तूच लिही.’ पहिल्या वेळी तो रागावेल. माझ्यावर एक जण दोन महिने रुसला होता, नंतर स्वतःच अवघड पेशंट माझ्याकडे पाठवायला लागला.

आणि आपली माणसं! व्ही३०० झाल्याचं मराठी मंडळात कुणाला सांगू नकोस, हा माझा मनापासूनचा सल्ला. मी सांगितलं. त्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाचा द्रोण असताना, तीन जणांनी गाठलं. एकाला झोपेची गोळी हवी होती, एकीला भारतात जाताना अँटिबायोटिक, आणि एक काका खिशातून सासूबाईंच्या गोळ्यांची पट्टी काढून म्हणाले, ‘ही इथे मिळेल का बघा ना वहिनी.’ घरच्यांना, ओळखीच्यांना लिहायचं नाही, यात वाद नाही. मी आता ‘माझ्या पेनात फक्त वेड्यांची शाई आहे’ म्हणते. वाक्य चांगलं नाही, आपल्या पेशंटना कुणी वेडं म्हटलं तर मीच भांडते. पण काका गप्प होतात.

तुझी मर्यादा तूच लिहून काढायची असते आणि संस्था ती मान्य करते. कायद्याने तू जवळजवळ सगळंच लिहू शकतेस, काही मोजकी बंधनं सोडून. म्हणून सगळं लिहायचं नाही. पहिल्या वर्षी मी फक्त लिथियम, क्लोझापिन आणि दोन-तीन डेपो घेतले असते, म्हणजे जे तू आज हाताळतेस तेच. काही औषधांपाशी सही असून उपयोग नाही. व्हॅल्प्रोएटचंच बघ. जानेवारी २०२४ पासून इथे ५५ वर्षांखालच्या बाईला किंवा पुरुषाला ते नव्याने सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे मान्य करावं लागतं, गर्भावर आणि पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर होणाऱ्या परिणामांमुळे. सक्तीच्या उपचाराच्या कलमाखालचा पेशंट असेल तर त्याच्या संमतीचा किंवा दुसऱ्या डॉक्टरच्या मताचा फॉर्म आधी काढून वाच. फॉर्ममध्ये नसलेलं औषध तुझ्या सहीने कायदेशीर होत नाही. आणि अगदीच धीर होत नसेल तर सुरुवातीला डॉक्टर, तू आणि पेशंट मिळून लेखी योजना करायची आणि त्या चौकटीत तू डोस कमी-जास्त करायचा, हाही रस्ता आहे. कोर्स दोन्हीचा एकच.

दादावर चिडू नकोस. तो तुला हसला तसेच इथले डॉक्टरही एकेकाळी खवळले होते. इथली गोष्ट सुरू झाली ती घरोघरी जाणाऱ्या नर्सेसपासून. जखमेची पट्टी कुठली लावायची ते सिस्टरला पक्कं माहीत, पण चिठ्ठीवर सही डॉक्टरची लागायची, मग ती त्यांच्या दवाखान्याच्या दारात ताटकळायची. १९८६ मध्ये ज्युलिया कम्बरलेज यांच्या समितीने सांगितलं की या नर्सना ठरावीक गोष्टी लिहू द्या. कायदा व्हायला १९९२ उजाडलं, प्रत्यक्ष प्रयोग १९९४ मध्ये. २००३ मध्ये डॉक्टरसोबतच्या योजनेखाली लिहायची मुभा आली, २००६ मध्ये जवळपास सगळी औषधं खुली झाली. तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने जाहीर विरोध केला. २०१२ मध्ये मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधंही बहुतेक सगळी आली. म्हणजे ही सही कुणी नर्सेसना कौतुकाने बहाल केलेली नाही, पंचवीसेक वर्षं एकेक पायरी करत आलीय.

पण दादाचं एक खरं आहे. त्याने शरीर तुझ्यापेक्षा जास्त शिकलंय. घाबराघुबरा झालेला माणूस चिंतेचा आहे, थायरॉइडचा आहे, हृदयाचा आहे की दारू अचानक सोडल्याचा, हे ओळखायला तो पाच-साडेपाच वर्षं शिकला. तुला काही महिन्यांत ते येणार नाही. तेव्हा त्याला खिजवण्यापेक्षा शिकवणीला बसव. रविवारी अर्धा तास व्हिडिओ कॉल, एक अवयव. मूत्रपिंडापासून सुरू करा. त्याला शिकवायला आवडेल. भाऊ बहिणीवर हसतात ते बऱ्याचदा बहीण पुढे चाललीय म्हणून. हे त्याला सांगू नकोस.

परत आल्यावर महाराष्ट्रात ही सही चालेल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. चालणार नाही. आपल्याकडे शेड्यूल एचची, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणारी, औषधं लिहायला नोंदणीकृत डॉक्टरच लागतो. नर्सिंग परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणलाय, आरोग्यमंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नर्सेस बसतात, पण मानसोपचाराची सही अजून दूर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकांची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे, त्यांना व्यावसायिक म्हणून दर्जा आहे. औषध लिहिण्याचा अधिकार त्यात नाही. लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात हे असंच राहावं असं मला वाटत नाही. पण उद्या अधिकार दिला आणि शिकवायला कुणी नसलं, रक्त तपासायला प्रयोगशाळा ६० किलोमीटरवर असली, तर ते पेशंटच्या जिवावर बेतेल. लिथियम लिहायला एक मिनिट लागतं, त्याच्या मागे वर्षानुवर्षं फिरावं लागतं.

मिस्टरांना सांग, त्यांचा प्रश्न रास्त आहे. नुसता कोर्स झाला म्हणून बँड वाढत नाही, जागा निघावी लागते. माझ्या ओळखीत असे आहेत ज्यांनी सही घेतली, काम दुप्पट झालं आणि पगारात एक पौंड पडला नाही. म्हणून हे आधी विचार, नंतर नव्हे.

तर मॅनेजरशी बोलताना हे विचार, आणि उत्तर ईमेलवर घे. कोर्स झाल्यावर माझं पद काय, बँड काय? शिकायचा वेळ ड्युटीतून मिळणार का? साधारण २६ दिवस वर्गात आणि ९० तास सरावाचे जातात, ते ‘जमेल तसं कर’ असं असेल तर तू रात्री अभ्यास करशील आणि दिवसा चुका. त्या काळात माझे पेशंट कोण बघणार? मी रजेवर असताना माझे रिपोर्ट कोण उघडणार? नाव हवं, ‘टीम बघेल’ चालणार नाही. आणि माझ्यावर देखरेख कोण ठेवणार? ही शेवटची व्यक्ती तू निवड. पूर्वी डॉक्टरच लागायचा, आता अनुभवी प्रिस्क्रायबर नर्स किंवा फार्मासिस्टही चालतो. टीममधला सगळ्यात हुशार माणूस शोधू नकोस, ज्याला तू ‘मला कळलं नाही’ असं दोनदा म्हणू शकशील तो शोध. माझ्या वेळी एक वयस्कर डॉक्टर होते. मी काहीही लिहिलं की विचारायचे, ‘आणि हे बंद कधी करणार?’ सुरुवातीला वैताग यायचा. आता मी स्वतःच प्रत्येक चिठ्ठीपाशी तेच म्हणते.

या पाचांतल्या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं आली तर सप्टेंबरला अर्ज टाक. मुलीची परीक्षा मेमध्ये आहे, तुझ्या परीक्षेची तारीख आधी बघून घे, दोन्ही एका आठवड्यात आल्या तर घरात जेवण कोण करणार हे मिस्टरांनी ठरवावं. उत्तरं गुळमुळीत आली तर एक वर्ष थांब, आणि ते वर्ष फुकट घालवू नकोस. घरी जाशील तिथल्या प्रत्येक पेशंटबद्दल डायरीत लिही: मी असते तर काय लिहिलं असतं, कोणती तपासणी सांगितली असती, का. मग डॉक्टरांनी काय लिहिलं ते बघ. नावं मात्र डायरीत नको.

तासगावची द्राक्षं इथे मिळतात का गं? मला आमच्या भागातल्या एकाही दुकानात दिसली नाहीत.

आणि एक राहिलं. त्या रात्रीच्या बाईंचं पुढे काय झालं ते तू लिहिलं नाहीस. अर्ज टाकशील तेव्हा नाही तर टाकणार नसशील तेव्हा, पण कळव.

— ताई